पाठीवरचे ओझे

१९८८ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात एका लहानशा विमानातून पस्तीस वर्षांच्या एका गृहस्थाने आकाशात उडी घेतली. विमान दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर होते. उडी घेणारा नवखा नव्हता. आठशेहून अधिक उड्या त्याच्या गाठीला होत्या. त्या दिवशी तो एका शिक्षकाचे आणि त्याच्या विद्यार्थ्याचे चित्रण करीत होता. शिरस्त्राणावर कॅमेरा आणि पाठीवर त्या कॅमेऱ्याची अवजड यंत्रसामग्री अशी त्याची सारी सिद्धता होती. शिक्षक-विद्यार्थ्यांची हवाई छत्री उघडली आणि ते दोघे कॅमेऱ्याच्या चौकटीतून वर निघून गेले. आता याने स्वतःची छत्री उघडायची. पण उघडायला छत्री होतीच कोठे? ती तो जमिनीवरच विसरून आला होता.

ही हकीकत प्रथम ऐकणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसत नाही. छत्रीवाचून विमानातून उडी मारणारा माणूस एकतर वेडा असला पाहिजे किंवा जिवाला कंटाळलेला, असेच कोणालाही वाटेल. हा गृहस्थ यांपैकी काहीच नव्हता. तपास करणाऱ्यांपुढे जो खुलासा आला तो साधा आहे आणि म्हणूनच अंगावर काटा आणणारा आहे. कॅमेऱ्याच्या सामानाचे ओझे पाठीवर होते, त्याचे पट्टे खांद्यांवर आवळलेले होते, आणि पाठीला जो भार रोज जाणवायचा तो त्या दिवशीही जाणवत होता. मन चित्रणात गुंतलेले. पाठीने साक्ष दिली, मनाने ती मानली. वर्षानुवर्षे न चुकता खिशात रेल्वेचा पास टाकणारा कारकून एखाद्या दिवशी खिशातल्या दुसऱ्याच कागदाला चाचपतो आणि निर्धास्तपणे घराबाहेर पडतो. जातीने ही चूक तीच आहे. कारकुनाला त्याबद्दल दंड भरावा लागतो, एवढाच फरक.

या घटनेच्या नऊ वर्षे आधी, १९७९ साली, ‘मूनरेकर’ हा जेम्स बाँडचा चित्रपट पडद्यावर आला. त्याच्या आरंभीच नायकाला छत्रीवाचून विमानातून ढकलून दिले जाते आणि तो अधांतरी झोंबाझोंबी करून शत्रूच्या पाठीवरची छत्री हिसकावून घेतो. प्रेक्षक श्वास रोखून पाहत राहिले. वास्तविक बी. जे. वर्थ आणि जेक लोम्बार्ड या कसलेल्या उडीबाजांच्या कोटांखाली अत्यंत पातळ अशा छत्र्या दडवलेल्या होत्या, आणि काही मिनिटांच्या त्या दृश्यासाठी तब्बल ८८ उड्या माराव्या लागल्या होत्या. ज्याच्यापाशी छत्री नाही असे दिसत होते त्याच्यापाशी ती होती. नॉर्थ कॅरोलिनात नेमके उलटे झाले. दोन्हीकडे कॅमेरा होता. परंतु चित्रपटात कॅमेऱ्याच्या आधी पुष्कळ माणसे विचार करीत होती. दुसऱ्या प्रसंगी कॅमेऱ्याचा विचार करणारा आणि जिवाचा विचार करणारा माणूस एकच होता, आणि त्याचे एकच मन दोन्हींना पुरे पडले नाही.

हे मन पुरे का पडत नाही, हे समजण्यासाठी त्या एका मिनिटाचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. तेरा हजार फुटांवरून उडी घेतलेला माणूस पहिले हजार फूट उतरायला सुमारे दहा सेकंद घेतो. तेवढ्यात त्याचा वेग ताशी १९० किलोमीटरांच्या आसपास पोचतो आणि हवेच्या विरोधामुळे तेथेच स्थिरावतो. यापुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत संपतात. म्हणजे छत्री उघडेपर्यंत मुक्त पतनाचा एकूण अवधी मिनिटभराचा. विशेष असे की या मिनिटात आपण पडतो आहोत असे वाटत नाही. प्रचंड वाऱ्यावर तरंगत असल्याचा भास होतो. जमीन फार दूर असते, त्यामुळे ती जवळ येताना दिसत नाही. जेव्हा ती खरोखर अंगावर धावून येऊ लागते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मनगटावरच्या उंचीमापकाकडे वारंवार पाहण्याची सवय नवशिक्याच्या हाडीमाशी भिनवली जाते. डोळ्यांनी फसावे, काट्याने फसू नये, असा तेथील न्याय आहे.

अशा ठिकाणी छायाचित्रकाराचे काम काय असते? त्याचे हात मोकळे नसतात, कारण हात हे त्याचे सुकाणू. काखेपासून कमरेपर्यंत कापडाचे पंख शिवलेला पोशाख तो घालतो आणि ते पंख पसरून वा मिटून आपला पडण्याचा वेग समोरच्या माणसाच्या वेगाशी जुळवून घेतो. कॅमेरा डोक्यावर; एका डोळ्यापुढे नेम धरण्याचे वर्तुळ; स्थिरचित्र घ्यायचे तर कळ दातांखाली वा जिभेपाशी. जमिनीवरचा छायाचित्रकार तिपाई उभी करतो. येथे त्याचे धड हीच तिपाई. एवढे करून समोरच्याच्या चेहऱ्यावर ऊन कोठून येते, पार्श्वभूमीला ढग आहे की क्षितिज, हेही त्याला पाहायचे असते. २०१८ च्या ‘मिशन इम्पॉसिबल’ मालिकेतील चित्रपटात पंचवीस हजार फुटांवरून घेतलेल्या उडीचे दृश्य आहे. तेथे क्रेग ओब्रायन हा छायाचित्रकार नायकाच्या पुढे, विमानाबाहेर पाठ करून, डोक्यावर कॅमेरा घेऊन झेपावत होता. त्या दृश्यासाठी १०६ उड्या झाल्या. पडद्यावर नाव नायकाचे होते, हे ओघानेच आले.

कॅमेऱ्याचे धोके तीन. छत्रीच्या दोऱ्या उघडताना कॅमेऱ्याच्या एखाद्या कोपऱ्यात अडकू शकतात. म्हणून प्रसंगी शिरस्त्राणच तत्काळ डोक्यावरून सोडून देता येईल अशी योजना करावी लागते. छत्री उघडताना बसणारा हिसका डोक्यावरच्या वजनामुळे मानेला जड जातो. तिसरा धोका लक्ष विचलित होण्याचा, आणि पहिले दोन त्याच्यापुढे किरकोळ वाटतात. पूर्वी हे कॅमेरे कित्येक किलो वजनाचे असत. त्यामुळे ते डोक्यावर घेण्याची उमेद मोजक्याच लोकांना होई. आज मुठीत मावणारा कॅमेरा कोणीही विकत घेऊ शकतो. तो काही ग्रॅमांचा आहे, मानेला जाणवतही नाही. दहा-वीस उड्या झालेल्या तरुणाला साहजिकच वाटते की एवढ्याशा डबीने काय बिघडणार? ‘युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन’ची शिफारस मात्र अशी की किमान २०० उड्या झाल्यावाचून कोणी कॅमेरा घेऊन उडी मारू नये. उमेदवारांना ही अट जाचक वाटते. कॅमेरा हलका झाला तेव्हा अटही हलकी व्हावी, हा त्यांचा युक्तिवाद. पण ती अट वजनासाठी नव्हतीच. जो माणूस चित्र कसे येईल याचा विचार करतो, तो त्या क्षणी उंची किती उरली याचा विचार करीत नाही, आणि डबी लहान झाल्याने त्यात फरक पडत नाही.

माणूस आणि कॅमेरा यांचे हे नाते पहिल्यापासूनच विचित्र आहे. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी फ्रान्झ रायशेल्ट हा पॅरिसमधील शिंपी स्वतः शिवलेला छत्रीचा अंगरखा घालून आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावर चढला. उंची सुमारे ५७ मीटर. पोलिसांकडून परवानगी घेताना त्याने बाहुला टाकून प्रयोग करण्याचे सांगितले होते. बाहुल्यांवरचे आधीचे त्याचे प्रयोग फसलेच होते. मित्रांनी अखेरपर्यंत परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. खाली पत्रकार जमले होते आणि चलच्चित्राचे कॅमेरे फिरत होते. त्या चित्रफितीत तो कठड्यावर बराच वेळ घुटमळताना दिसतो. मग उडी मारतो. नंतर काही माणसे जमिनीत पडलेल्या खळग्याची खोली मोजतात, तेही कॅमेऱ्याने टिपले आहे. कॅमेरे नसते तर तो माघारी वळला असता असे सिद्ध करता येणार नाही. परंतु इतक्या डोळ्यांसमोर जिना उतरून खाली येणे उडी मारण्याहून त्याला कठीण वाटले असेल, असे ती चित्रफीत पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

नव्वदच्या दशकात तर कॅमेरा साक्षीदार राहिला नाही, स्पर्धकच झाला. पायांना फळी बांधून आकाशात कोलांट्या घेण्याच्या स्पर्धेत एक संघ दोघांचा असे: फळीवरचा खेळाडू आणि त्याचा छायाचित्रकार. जमिनीवरच्या परीक्षकांना दिसे ते छायाचित्रकाराने दाखवलेले. त्यामुळे गुण दोघांचे. रॉब हॅरिस आणि जो जेनिंग्ज ही त्या काळची गाजलेली जोडी. १९९५ च्या डिसेंबरात एका जाहिरातीचे चित्रण चालू असता हॅरिस कॅनडात मृत्युमुखी पडला. दोन वर्षे चार महिन्यांनी, एप्रिल १९९८ मध्ये, याच खेळातील नामवंत फ्रेंच खेळाडू पात्रिक द गायार्दाँ हवाई बेटांत गेला. त्याने आपल्या छत्रीच्या पिशवीत स्वतःच्या हाताने एक फेरफार केला होता. त्या शिवणीत राहिलेल्या चुकीमुळे मुख्य छत्री उघडलीच नाही, आणि राखीव छत्री तिच्यात गुरफटली. त्याच्याइतकी या सामग्रीची जाण फारच थोड्यांना होती. जाण होती म्हणूनच त्याने ती उसवली आणि पुन्हा शिवली.

याचा अर्थ सामग्री वाईट आहे असा नव्हे. उलट ती गेल्या पन्नास वर्षांत विलक्षण सुधारली. सत्तरीच्या दशकात बिल बूथ या अमेरिकन कारागिराने तीन कड्यांची एक साधी साखळी बसवली. मोठ्या कड्यात मधले, मधल्यात धाकटे, अशी ती अडकवलेली असतात. त्यामुळे माणसाचा सगळा भार शेवटी एका बारीक दोऱ्याच्या फाशावर अगदी थोडा येतो, आणि एक खुंटी ओढली की बिघडलेली छत्री क्षणात सुटून जाते. राखीव छत्रीला वाट मोकळी होते. १९९१ साली जर्मनीत तयार झालेले ‘सायप्रेस’ हे उपकरण त्याहून चतुर. माणूस सुमारे २२५ मीटर उंचीवर अजूनही ताशी १२६ किलोमीटरांहून अधिक वेगाने पडत असेल, तर तो बेशुद्ध आहे किंवा भान हरपला आहे असे ते यंत्र धरून चालते आणि राखीव छत्रीचा फास स्वतःच कापते. अमेरिकेत सत्तरीच्या दशकात दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक माणसे या छंदात मरत; २०२३ साली ३६ लाखांहून अधिक उड्यांत दहा माणसे दगावली. हे आकडे कोणालाही मान्य करावे लागतील.

पण सुधारणेचे फळ माणूस कसे खातो, हेही पाहावे लागते. खुद्द बूथचेच निरीक्षण असे की सामग्री जसजशी सुरक्षित होते तसतसा उडीबाज अधिक धाडस करतो. बिघडलेल्या छत्रीमुळे होणारे मृत्यू कमी झाले. आता धडधाकट, पूर्ण उघडलेल्या छत्रीखाली माणसे मरतात, कारण लहान आणि वेगवान छत्र्या घेऊन जमिनीलगत झपकन वळण घेण्याची हौस वाढली. तेथे कोणतेही उपकरण मदतीला येत नाही. विसरलेल्या छत्रीलाही ते येत नाही, हे सांगायला नकोच.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख झाली ती मुख्यतः पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे. त्यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरी घराघरांत पोचले ते २०१८ च्या फेब्रुवारीतले छायाचित्र: थायलंडमधील पट्टायाच्या आकाशात, तेरा हजार फुटांवर, नऊवारी नेसलेली मराठी स्त्री. त्या छायाचित्राचे कौतुक झाले ते रास्तच. मात्र वस्त्राचा सुटलेला पदर ताशी १९० किलोमीटरांच्या वाऱ्यात काय करील, तो खुंटीवर किंवा दोऱ्यांवर गेला तर पुढे काय, हा प्रश्न त्या चित्रात दिसत नाही. तो आधी सुटलेला होता. नऊवारी आधी चापूनचोपून नेसायची, जागच्या जागी पक्की करायची, तिच्यावर छत्री, मग शिरस्त्राण, चष्मा, बूट, असा तो क्रम होता. पाहणाऱ्याला साडी दिसली. उडी मारणारीला प्रत्येक निरी मोजावी लागली.

आता ही हौस पगारदार घरांतील मुलामुलींच्याही आवाक्यात येत आहे. शिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी बांधून घेऊन एक उडी मारायची आणि तिची चित्रफीत घेऊन घरी यायचे. त्यात गैर काही नाही. आयुष्यभर खुर्चीत बसणाऱ्याला मिनिटभर आकाश मिळावे, यात हेवा करण्यासारखे आहे, नाक मुरडण्यासारखे नाही. फक्त तेथील गल्ल्यावर काय विचारले जाते ते पाहण्याजोगे आहे. चित्रफितीचे किती, छायाचित्रांचे वेगळे का, कॅमेरा शिक्षकाच्या मनगटावर असेल की वेगळा माणूस सोबत उडी मारील, याची चौकशी तपशीलवार होते. तो वेगळा माणूस किती वर्षे हे काम करतो, आणि मनगटावर कॅमेरा असलेल्या शिक्षकाचे लक्ष कोठे असते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत राखीव छत्री दर १८० दिवसांत परवानाधारक कारागिराने उघडून, तपासून, पुन्हा घडी घालून बंद करावी लागते. वापरली असो वा नसो. प्रत्येक पिशवीसोबत त्याची नोंद असलेले एक छोटे पत्रक असते. पोस्टकार्डाहून लहान. त्यावर शेवटच्या घडीची तारीख असते आणि घडी घालणाऱ्याची सही. मागितले तर ते दाखवतात.