१२७ किलोंची चपळाई

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात आल्यावर क्वार्टरबॅकला तो फेकायला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने पुढे पळणाऱ्या सहकाऱ्यांतला मोकळा गडी हेरायचा आणि चेंडू सोडायचा. समोरच्या संघातल्या डिफेन्सिव्ह लाइनमनलाही तेवढाच वेळ असतो. वाट अडवून उभ्या असलेल्या, १४० किलोंच्या आसपासच्या माणसाला ओलांडायचं आणि चेंडू सुटायच्या आत क्वार्टरबॅकला आडवं करायचं. हे जमलं की त्याला सॅक म्हणतात.

ते फार क्वचित जमतं. ॲरन डोनाल्डला पुष्कळ जाणकार या कामातला आजवरचा सर्वोत्तम खेळाडू मानतात. त्याच्या नावावर १० हंगामांतल्या १५४ साखळी सामन्यांत १११ सॅक आहेत. म्हणजे सरासरी काढली तर सामन्याला एकसुद्धा पूर्ण भरत नाही! सामनाभर पुन्हापुन्हा मुसंडी मारायची, जवळजवळ प्रत्येक वेळी अडवलं जायचं, आणि तरीही पुढची मुसंडी पहिल्याइतक्याच जोराने मारायची. या खेळाकडे मी ओढला गेलो तो याच हिशेबाने.

त्यातून डोनाल्ड खेळायचा मधल्या जागेवर, डिफेन्सिव्ह टॅकल म्हणून. इथून क्वार्टरबॅकपर्यंतचं अंतर सगळ्यांत कमी, पण गर्दीही सगळ्यांत जास्त. कडेला खेळणाऱ्याला वळसा घालायला मोकळी जागा असते. मधल्याच्या मात्र समोर गार्ड, बाजूला सेंटर हे वाट अडवणारे गडी, आणि गडी धोक्याचा असेल तर दोघं मिळून त्याच्यावर चालून येतात. डोनाल्डच्या वाट्याला तर हे नेहमीचंच होतं.

आणि या जागेच्या मानाने तो ठेंगणा होता. उंची ६ फूट १ इंच, वजन १२७ किलो. या जागेवर त्याच्याहून उंच आणि दहा-पंधरा किलोंनी जड माणसं सर्रास दिसतात. पिट्सबर्ग विद्यापीठाकडून खेळताना २०१३च्या हंगामात त्याने बचावपटूंसाठीचे मोठे पुरस्कार ओळीने जिंकले, तरी एवढ्याशा उंचीवर पुढे निभेल का, ही शंका काही फिटली नाही. मग व्यावसायिक संघांच्या निवडीआधीच्या चाचण्यांत तो ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, ४.६८ सेकंदांत पळाला आणि १०२ किलोंचं वजन त्याने छातीवरून ३५ वेळा उचललं. इतक्या वजनाचा माणूस इतक्या वेगाने पळतो, हे आकडे वाचूनही खरं वाटत नाही. २०१४ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत सेंट लुईस रॅम्स संघाने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या आधी १२ जणांची नावं पुकारली गेली होती.

खरी गंमत अशी की ती कमी उंची त्याच्या पथ्यावरच पडली. दोन जड शरीरं भिडतात तेव्हा ज्याची कंबर खाली, त्याचा रेटा खालून वर लागतो आणि समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटू लागतात. कुस्तीत वस्ताद पोराला ‘खाली राहा’ म्हणून ओरडतो, तेच हे शास्त्र. उंच खेळाडूला त्यासाठी गुडघे वाकवून खाली यावं लागतं, आणि थकवा आला की तो हटकून ताठ होतो. डोनाल्ड मुळातच खाली होता.

दुसरं अस्त्र हातांचं. गार्ड पहिल्याच क्षणी दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर रोवायला बघतो. ते रोवले गेले, छातीवरचं कवच मुठीत आलं, की खेळ जवळपास तिथेच संपतो. डोनाल्डचा एक तळवा त्याआधीच गार्डच्या मनगटावर किंवा कोपरावर सपकन बसायचा. गार्डचा हात बाजूला उडाला की तो त्याच बाजूचा खांदा खाली घालून कमरेजवळून निसटायचा. पापणी लवेपर्यंत गार्ड रिकाम्या हवेला मिठी मारून उभा. हे हात घडवायला त्याचा प्रशिक्षक खोट्या सुऱ्या घेऊन त्याच्या अंगावर यायचा आणि डोनाल्ड त्या हातोहात झटकायचा. या सरावाची चित्रफीत मी किती वेळा थांबवून-थांबवून पाहिली असेल! या तालमीचा पाया मात्र पिट्सबर्गच्या घरात घातला गेला. वडील आर्ची यांनी तळघरात व्यायामशाळा थाटली होती आणि शाळकरी वयातल्या या मुलाला ते पहाटे साडेचारला उठवून तिथे नेत.

२०१८च्या हंगामात त्याच्या नावावर साडेवीस सॅक लागल्या. दोघांनी मिळून क्वार्टरबॅकला पाडलं तर प्रत्येकाला अर्धी मिळते. साडेवीस हा डिफेन्सिव्ह टॅकलचा एका हंगामातला विक्रम ठरला. वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याने २०१७, २०१८ आणि २०२० असा तीनदा घेतला. त्याच्याआधी तीनदा हा मान मिळवणारे दोघंच होते, लॉरेन्स टेलर आणि जे. जे. वॉट.

पण त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा क्षण सॅकमध्ये मोजलाच जात नाही. १३ फेब्रुवारी २०२२, सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. तोवर रॅम्स लॉस एंजेलिसला आले होते. सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध ते २३-२० असे पुढे होते आणि घड्याळात एक मिनिटही उरलं नव्हतं. चेंडू आपल्याकडे राखायला बेंगल्सना हवा होता फक्त एक यार्ड, हाताशी दोन प्रयत्न. पहिल्यात ते चेंडू घेऊन सरळ आत घुसले आणि डोनाल्डने धावणाऱ्याला पुढे सरकूच दिलं नाही. दुसऱ्यात क्वार्टरबॅक जो बरो चेंडू फेकायला मागे सरला. डोनाल्ड गार्डला झटकून थेट त्याच्यापाशी पोचला आणि त्याने बरोला धरून गर्रकन फिरवलं. पडता पडता बरोने चेंडू कसाबसा भिरकावला. तो कुणाच्याच हाती लागला नाही. चेंडू हातातून सुटला होता, म्हणून नियमाप्रमाणे ही सॅक नव्हे. विजेतेपद मात्र रॅम्सचं झालं.

मार्च २०२४मध्ये, ३२व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. दुखापतीने खेळ सोडवला नव्हता की फॉर्मही गेला नव्हता. नुकत्याच संपलेल्या हंगामातही देशातल्या सर्वोत्तम अकरांत त्याची निवड झाली होती. पुढच्याच महिन्यात रॅम्सने नव्या खेळाडूंच्या निवडीत आपल्या पहिल्या दोन्ही संधी बचावाच्या याच पुढच्या फळीसाठी वापरल्या. त्यांतला जॅरेड वर्स त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. १० वर्षांपूर्वी तो पुरस्कार डोनाल्डने घेतला होता.