विश्लेषण : दगडफुलावरचे ते काळे ठिपके कसले?

उन्हाळ्यात विश्रामबागेत घरोघरी कांदा-लसूण मसाल्याची यादी निघते आणि त्यात दगडफूल असतेच. निवडताना त्यावर काळे ठिपके किंवा तपकिरी फोड दिसले, की प्रश्न पडतो : माल खराब आहे का?

आधी दगडफूल म्हणजे काय ते पाहू. नावात फूल असले तरी ती वनस्पती नाही. ते लायकेन, मराठीत शैवाक. बुरशी घर बांधते आणि आत राहणारे शैवाल उन्हावर अन्न तयार करते. स्विस शास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये हा जोडसंसार मांडला, तेव्हा त्या काळच्या बड्या अभ्यासकांनी त्यांची खिल्ली उडवली होती.

या घरात तिसराही शिरतो. केवळ लायकेनवर जगणाऱ्या बुरशींच्या दोन हजारांच्या आसपास जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. काही यजमान बुरशीला खातात, काही शैवालाला. काही मात्र नुसत्याच राहतात, फारसे नुकसान करत नाहीत. ‘लायकेनोकोनियम’ बारीक काळे ठिपके उठवते, तर ‘ट्रेमेला’मुळे गाठी येतात. ‘डिप्लोशिस्टेस मस्कोरम’ची तऱ्हा और! ती दुसऱ्या लायकेनवर वाढते, त्याचे शैवाल बळकावते आणि पुढे स्वतःच लायकेन होऊन बसते.

मग पिशवीतले ठिपके परजीवीचेच? तसे नाही. बऱ्याच दगडफुलांची खालची बाजू मुळातच काळी असते. वरचे बारीक ठिपके त्याच्या स्वतःच्या बीजाणूंच्या कुप्याही असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा यांनी लायकेनवर अनेक वर्षे काम केले, तेही असेच पातळ काप घेऊन, बीजाणू पाहून.

स्वयंपाकघरापुरता फरक सोपा आहे. परजीवी बुरशी जिवंत दगडफुलावर, झाडावर असतानाच आलेली असते. ती ठिपका किंवा गाठ होऊन चिकटलेली दिसते. डब्यात ओल लागून येणारी बुरशी वेगळी. ती कापसासारखी, पांढरी किंवा हिरवट पसरते आणि कुबट वास येतो. असे दगडफूल टाकून द्यावे. भाजून, चाळून वापरू नये.