वजन उतरवताना ताकद का जाते? अमिनो पावडरीबद्दल थोडं

हल्ली कुडाळ-कणकवलीच्या जिममधून मुलं ‘बीसीएए’चा डबा घेऊन घरी येतात. डाएट करताना मसल जाऊ नये म्हणून, असं सांगतात. आई-वडील आम्हा शिक्षकांना विचारतात, सर, हे घ्यावं का?

काळजी खोटी नाही. जेवण कमी केलं की शरीर चरबी जाळतं, पण सोबत स्नायूही मोडतं. काट्यावर चार किलो उतरले तर त्यात एखादा किलो स्नायूंचा असू शकतो. तरुणांचं भरून निघतं. पण शुगरमुळे वजन उतरवणाऱ्या साठीच्या अम्मी-अब्बांना तो परत मिळवणं कठीण जातं. मग जमिनीवरून उठताना आधार लागतो.

आता डब्याकडे येऊ. प्रथिनं 20 अमिनो आम्लांची बनतात, त्यातली 9 अन्नातूनच मिळवावी लागतात. बीसीएएमध्ये फक्त तीन असतात: ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन. ल्युसीन स्नायू बांधायचा इशारा देतं, हे खरं. पण गवंड्याला हाक मारली आणि चिरेच नाहीत, तर भिंत कशाची उभी राहणार? बाकीची सहा शरीर आपल्याच स्नायूंतून काढतं.

ही नऊच्या नऊ बांगड्यात, तारलीत, अंड्यात असतात. बांगड्याच्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं, एका अंड्यात 6. आयसीएमआरच्या हिशोबाने निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम लागतात, म्हणजे 60 किलोच्या बाईला 50 ग्रॅम. डाएट करताना तज्ज्ञ 1.2 च्या आसपास सांगतात, म्हणजे 72. आपल्याकडे उलटंच होतं: डाएट म्हणून बाया आधी मासळीचा तुकडा सोडतात आणि चहा-बटर चालू ठेवतात!

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत अंडी, कुळथाची पिठी, मसूर, दही आहेच. सुकी मासळीही चालेल, पण मीठ फार, बीपीवाल्यांनी जपून.

आणि स्नायूंना काम द्यावंच लागतं. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस, दिवसातून दोनदा. नुसत्या चालण्याने भागत नाही.

तरी कुणाला घ्यायचंच असेल तर पाकीट नीट वाचा. कॅप्सूलचं जिलेटिन जनावराचं असतं, कधी डुकराचंही. हिरव्या खुणेच्या मालात ते नसतं. किडनीचा त्रास असेल तर मात्र पावडर सोडाच, जेवणातली प्रथिनंही डॉक्टरांना विचारूनच वाढवा.