ट्रॉमेलच्या जाळीतून : लातूर-नांदेडच्या जुन्या कचऱ्याचे उत्खनन

लातूर शहराचा कचरा वरवंटीच्या आणि नांदेडचा तुप्प्याच्या शिवारात वर्षानुवर्षे टाकला जात आला आहे. 2011 च्या जनगणनेनुसार लातूरची लोकसंख्या सुमारे 3 लाख 83 हजार आणि नांदेड-वाघाळ्याची सुमारे 5 लाख 50 हजार होती. एवढ्या वस्तीचा ओला, सुका, बांधकामाचा आणि नालेसफाईचा कचरा वर्गीकरणाविना एकावर एक साचत गेला की कालांतराने त्याचे जे ढीग उभे राहतात, त्यांना शासकीय कागदपत्रांत ‘लेगसी वेस्ट’ म्हणजे साचलेला जुना कचरा म्हटले जाते. हे ढीग उकरून, वाळवून, चाळून त्यांतील घटक वेगळे करण्याच्या आणि जागा मोकळी करण्याच्या पद्धतीला बायोमायनिंग हे नाव आहे. तिच्याविषयी ‘कचऱ्यातून सोने’ आणि ‘कचऱ्यातून वीज’ अशी भाषा समारंभांतून सर्रास ऐकू येते. परंतु भारतीय शहरांच्या जुन्या ढिगांतून वजनाने सर्वाधिक निघते ती माती, आणि या व्यवहारातील खरी मिळकत म्हणजे त्या मातीखालची मोकळी होणारी जमीन होय.

जुना कचरा उकरण्याचा जगातील पहिला नोंदलेला प्रयोग 1953 मध्ये इस्राएलमधील तेल अवीव येथे झाला आणि त्याचा हेतू संत्र्याच्या बागांसाठी खतासारखी माती मिळवणे हा होता. भारतात हा विषय न्यायालयाच्या मार्गाने पुढे आला. अलमित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेनंतर 2000 मध्ये नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम झाले. 2016 च्या सुधारित नियमांनी जुन्या ढिगांची जबाबदारी नगरपालिका-महानगरपालिकांवर स्पष्टपणे टाकली. 2019 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जुन्या कचऱ्याच्या विल्हेवाटीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याने देशातील सर्व जुने ढीग हटवण्याचे उद्दिष्ट ठरवले.

कामाचा आरंभ मोजणीने होतो. ड्रोनच्या किंवा टोटल स्टेशन या भूमापन यंत्राच्या साहाय्याने ढिगाचे उंच-सखल भाग टिपून घनफळ काढले जाते, ठिकठिकाणी खड्डे घेऊन आतील मालाची घनता तपासली जाते आणि त्यांवरून एकूण वजनाचा अंदाज बांधला जातो. त्यानंतर पोकलेन यंत्राने ढीग थराथराने सैल करून सुमारे दोन मीटर उंचीच्या लांब रांगा रचतात, त्यांवर कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचे द्रावण फवारतात आणि दर आठवड्याला त्या उलथून पुन्हा रचतात. दाबून बसलेल्या ढिगात हवा पोहोचत नसल्यामुळे तेथे मिथेन निर्माण करणारे जिवाणू वाढलेले असतात. रांग उलथली की आत प्राणवायू शिरतो, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू कामाला लागतात, रांग आतून तापते, वाफ बाहेर पडते, दुर्गंधी आणि झिरपणारे काळे पाणी कमी होते, आणि तीन-चार वेळा उलथल्यावर माल चाळण्याइतका कोरडा व भुसभुशीत होतो. ही पायरी टाळून ओलसर कचरा थेट यंत्रात लोटण्याची घाई केली की पुढचे सारे काम बिघडते.

ट्रॉमेल हे या पद्धतीचे मुख्य यंत्र आहे. किंचित कललेले, लांबट, जाळीच्या भिंतींचे हे पिंप स्वतःभोवती फिरत राहते. वरच्या तोंडातून आत पडलेला कचरा भिंतीबरोबर थोडा वर चढतो, खाली आपटतो, फुटतो, आणि जाळीच्या छिद्राहून लहान असलेला भाग खाली गळून मोठा भाग खालच्या तोंडाने बाहेर पडतो. मोठ्या छिद्रांच्या जाळीपासून चार-सहा मिलिमीटरच्या बारीक जाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने ही चाळण होते. पट्ट्यावरून सरकणाऱ्या मालातून चुंबक लोखंड उचलतो. खळ्यावर धान्य उफणताना भुसा जसा वाऱ्याने बाजूला पडतो, तसे पंख्याच्या झोताने प्लॅस्टिक आणि चिंध्या दगड-विटांपासून अलग होतात. मराठवाड्यात या यंत्राची मोठी अडचण म्हणजे काळी माती. आगी आणि दुर्गंधी दाबण्यासाठी ढिगावर टाकलेली आणि नाल्यांच्या गाळाबरोबर आलेली ही चिकण माती ओली झाली की जाळीची छिद्रे लिंपून टाकते, त्यामुळे पावसाळ्यात चाळणी जवळजवळ थांबते आणि वर्षाच्या कामाचा हिशेब उरलेल्या कोरड्या महिन्यांवरच मांडावा लागतो.

धातू, काच, पुठ्ठा आणि जाड प्लॅस्टिक या विक्रीयोग्य वस्तू मात्र यंत्राच्या वाट्याला फारशा येत नाहीत, कारण त्या डेपोपर्यंत पोहोचण्यापूर्वीच घराघरांतून रद्दी घेणारे, भंगारवाले आणि कचरावेचक यांनी वेचलेल्या असतात. बेल्जियममध्ये हाउटहालेन-हेल्ख्टेरेन येथील जुन्या कचराभूमीतून धातू आणि ऊर्जा काढण्याची मोठी योजना आखली गेली; आधीच वेचल्या गेलेल्या लातूर-नांदेडच्या ढिगांना तो हिशेब लागू पडत नाही. लातुरात जनाधार सेवाभावी संस्थेसारख्या संस्थेने कचरावेचकांना संकलन आणि वर्गीकरणाच्या कामात सामावून घेतले आहे, आणि मूल्यवान वस्तू परत मिळवण्याचे काम तेथे, दारातच, अधिक स्वस्तात आणि अधिक स्वच्छपणे होते. जुन्या ढिगात उरतात त्या चिंध्या, चपला, पातळ पिशव्या, कुरकुऱ्यांची आणि गुटख्याची बहुस्तरीय वेष्टने. मातीने माखलेल्या या मालाला भंगाराच्या बाजारात गिऱ्हाईक नाही.

त्या मालाचा एकच उपयोग राहतो आणि तो म्हणजे आरडीएफ, अर्थात कचऱ्यापासून तयार केलेले इंधन. ढिगातच विहिरी घेऊन मिथेन काढण्याचा दुसरा मार्ग आहे खरा, पण ओल्या कचऱ्याचे कुजणे पहिल्या काही वर्षांत ओसरत असल्याने आणि उघड्या ढिगातून वायू निसटत राहिल्याने जुन्या डेपोत त्यातून फारसे हाती लागत नाही. उष्मांक किलोमागे 1,500 किलोकॅलरी किंवा अधिक असलेला कचरा जमिनीत पुरू नये, त्याचा इंधन म्हणून वापर व्हावा, असे 2016 च्या नियमांनी सांगितले होते; आरडीएफच्या श्रेणींत तिसऱ्या श्रेणीसाठी किमान 3,000 किलोकॅलरींची अपेक्षा आहे. एक टन उकरलेल्या मालातून 150 किलो असे इंधन निघाले असे धरले, तर त्याची उष्णता साडेचार लाख किलोकॅलरी, म्हणजे किलोमागे 4,000 किलोकॅलरीच्या सुमारे 110 किलो कोळशाइतकी भरते. ही ऊर्जा तुच्छ नाही, परंतु ती जाळायची कोठे, हा प्रश्न या दोन शहरांना विशेष जाचतो. आरडीएफसाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे सिमेंटची भट्टी, कारण तेथील तापमान सुमारे 1,450 अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि राखही सिमेंटच्या क्लिंकरमध्ये सामावून जाते. 2016 च्या त्याच नियमांनी आरडीएफ प्रकल्पापासून शंभर किलोमीटरच्या आतील उद्योगांनी निदान 5 टक्के इंधन त्याने बदलावे असे म्हटले होते. मात्र लातूरपासून कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी-सेडमचा, तसेच नांदेडपासून चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर परिसराचा सिमेंटपट्टा या वर्तुळाबाहेर पडतो. परळीचे औष्णिक वीज केंद्र आणि परिसरातील साखर कारखाने जवळ आहेत. पण एकाच्या भट्ट्या पिठासारख्या दळलेल्या कोळशासाठी आणि दुसऱ्यांच्या बगॅससाठी बांधलेल्या असल्याने, पीव्हीसीतील क्लोरीनने बॉयलरच्या नळ्या गंजवणारा हा चिंध्या-प्लॅस्टिकचा माल त्यांना नकोसा असतो. हलक्या, फुगीर गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक शंभर-दोनशे किलोमीटर नेण्याचे भाडे इंधनाच्या किमतीला सहज गिळून टाकते.

चाळणीखाली पडलेली बारीक माती दिसायला खतासारखी असली तरी ती खत नव्हे. बॅटऱ्या, रंग आणि ट्यूबलाइट यांच्या तुकड्यांतून तिच्यात शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू उतरलेले असू शकतात, शिवाय क्षारही वाढलेले असतात. त्यामुळे तपासणीविना ती भाजीपाल्याच्या किंवा धान्याच्या शेतात टाकणे योग्य नाही, आणि शेतकऱ्यांना ती फुकट वाटून टाकण्याची सोपी वाट तर सर्वांत धोक्याची आहे. रस्त्याकडेची झाडी, दुभाजक आणि सोडलेल्या दगडखाणींचा भराव हे तिचे सुरक्षित उपयोग होत. खाणीत टाकतानाही तळ पाहावा लागतो, कारण मराठवाड्याच्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांतून वाट काढते आणि झिरपा आसपासच्या विहिरींपर्यंत जाऊ शकतो.

या कामासाठी केंद्राने टनाला 550 रुपये हा दर गृहीत धरला असून, एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना, म्हणजे लातूर व नांदेड या दोघांनाही, त्याचा 33 टक्के वाटा केंद्राकडून मिळतो. उरलेली रक्कम राज्याने आणि महानगरपालिकेने उभी करायची असते. ठेकेदाराला देयक उपसलेल्या टनांवर मिळत असेल, तर चांगले वेगळे करण्यापेक्षा भराभर हलवण्याकडे त्याचा कल होणार, हे उघड आहे. म्हणून देयकाचा काही भाग बाहेर गेलेल्या प्रत्येक घटकाच्या पावतीशी, म्हणजे सिमेंट कारखान्याच्या वजनकाट्याच्या चिठ्ठीशी आणि मातीच्या तपासणी अहवालाशी बांधणे अधिक शहाणपणाचे ठरेल. त्याच वेळी रोजचा नवा कचरा दारातच ओला-सुका वेगळा होऊन आला नाही, तर एका टोकाला ट्रॉमेल ढीग खाली करत असतानाच दुसऱ्या टोकाला घंटागाड्या आणि डंपर तो पुन्हा भरत राहतात, आणि पुढच्या मोजणीत ड्रोनला तेच घनफळ सापडते.