पाहिलेलें आणि नवें

एकदां वाचलेलें संकेतस्थळ पुन्हां उघडलें असतां वाचकाचा पुष्कळसा वेळ जुन्या मजकुरांतून नवा निवडण्यांत जातो. हें काम यंत्राकडे सोंपवितां येतें. २००४ सालीं ॲरन बूडमन यांनीं फायरफॉक्स या ब्राउझरसाठीं ग्रीसमंकी नांवाची पुरवणी तयार केली. तिच्या साह्यानें वाचकाला सूचनांची छोटी यादी, म्हणजेच स्क्रिप्ट, इतरांच्या पानावर चालवितां येते. मूळ पान जसेंच्या तसें राहतें. बदल दिसतो तो केवळ वाचकाच्या पडद्यावर.

नवें ओळखण्याची युक्ति साधी आहे. पहिल्या भेटींत स्क्रिप्ट प्रत्येक मजकुराची खूण ब्राउझरच्या साठ्यांत टिपून ठेवते. पुढच्या भेटींत ज्या मजकुराची खूण त्या टांचणांत सांपडत नाहीं, तो रंगवून दाखविला जातो.

मात्र खूण कशाची, यावर सारें अवलंबून असतें. केवळ दुव्याची खूण ठेवली, तर जुन्याच सूचनेंत बदललेली परीक्षेची तारीख निसटते. अक्षरन् अक्षराची ठेवली, तर एका स्वल्पविरामाच्या फरकानेंहि सारा परिच्छेद नवा ठरतो. आणि गाळलेला मजकूर तर रंगविण्यास पानावर उरतच नाहीं. यास्तव रंग दिसला नाहीं म्हणजे कांहींच बदललें नाहीं, असें सुज्ञ वाचकानें मानूं नये.