नाशिकची पांढरी वाइन आणि आपला मोह

एका ग्रामसभेत तरुण शेतकऱ्यानं उभं राहून विचारलं, "साहेब, नाशिकवाले द्राक्षाची वाइन करून मोठे झाले. आपण धानाच्या बांध्या मोडून द्राक्षं लावली तर?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाग उभी करायची तर मांडव, तारा, ठिबक, रोपं, फवारणी यात मोठा पैसा जातो. कर्ज काढून बाग फसली तर घरच बसतं. म्हणून आधी नाशिककडे नीट बघू या.

गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी कुटुंबाच्या जमिनीवर १९९० च्या दशकात 'सुला' सुरू केली. नाव आई सुलभा यांच्या नावावरून. त्यांनी खाण्याची द्राक्षं सोडून सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या जाती लावल्या. पहिली वाइन बाजारात आली २००० साली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक भागात एकामागून एक वायनरी उभ्या राहिल्या.

पांढरी वाइन करण्यात जादू नाही, शिस्त आहे. वेलीवर घड मोजकेच ठेवतात. तोडणी रात्री किंवा पहाटे गारव्यात करतात. रस लगेच सालीपासून वेगळा काढतात आणि पोलादी टाक्यांत थंडाव्यात आंबवतात. गोडी वाढते तशी आंबटपणा उतरतो, म्हणून तोडणीचा दिवस महत्त्वाचा. हा आंबटपणा म्हणजे लोणच्यातलं मीठ समजा. तो असला तरच वाइन टिकते. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली शेनिनची चांगली वाइन वीस-तीस वर्षंही टिकते. आपल्याकडची बहुतेक पांढरी वाइन मात्र ताजीच प्यायची असते.

अशा वाइनला दगडाची, खनिजाची चव येते असं जाणकार सांगतात. पण मुळं काही दगड शोषत नाहीत. ती चव बरीचशी आंबटपणातून आणि करणाऱ्याच्या हातातून येते.

आता आपलं शिवार बघा. नाशिकला फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. आपल्याकडे पाऊस जास्त, दमट हवा लांबते. कोवळ्या फुटीवर केवडा आला की फवारण्या थांबत नाहीत. धानाच्या बांधीत पाणी साचतं आणि वेलीच्या मुळांना ते चालत नाही. शिवाय चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे : कर्ज काढून द्राक्षाच्या मागे लागू नका.

मग नाशिककडून घ्यायचं काय? शिस्त. आपलं द्राक्ष म्हणजे मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फूल गळतं आणि घरातली लहानथोर टोपल्या घेऊन निघतात. पण ओलं, मातीनं भरलेलं फूल घाईत विकलं तर व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. त्यासाठी चार गोष्टी करा.

एक, झाडाखालचा पाला पेटवू नका. त्या आगीनं जंगल जातं आणि मोहाची रोपटीही जळतात. त्याऐवजी जाळी किंवा जुनी लुगडी अंथरा. फूलही स्वच्छ मिळतं.

दोन, फूल मातीवर नको, ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. मुठीत दाबलं तर गोळा होता कामा नये.

तीन, पूर्ण गार झाल्यावर झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. पावसाळ्यात ओल लागली की बुरशी आलीच.

चार, गावाचं फूल बचत गटानं किंवा ग्रामसभेनं एकत्र तोलून विकावं. वनहक्क कायदा, २००६ नं गौण वनोपजाचा हक्क दिला आहे, तो कागदावर ठेवू नका.

एक गोष्ट बजावून सांगतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, तरी विनापरवाना दारू गाळणं गुन्हाच आहे. मोहाचे लाडू, मनुके, पाक हा वेगळा, सरळ धंदा आहे. फुलाच्या साठवण-वाहतुकीचे चालू नियम सरपंच आणि ग्रामसेवकांनी तहसील कार्यालयातून समजून घेऊन ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

त्या तरुणाला मी एवढंच म्हटलं, "बांधी मोडू नको. तुझ्या धुऱ्यावरचा मोह आधी मोज." त्याच्याकडे अकरा झाडं निघाली. तुमच्याकडे किती आहेत?