सगळ्यांच्या गळ्यासाठी रचलेली चाल

१८७६ साली इटलीतल्या कोर्तोना या डोंगरी नगरात जिरोलामो मान्चिनी या अभ्यासकाच्या हाती ग्रंथालयातलं एक जुनं चर्मपत्री हस्तलिखित लागलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या संग्रहात चाळीसहून अधिक भक्तिगीतं स्वरलिपीसह आहेत, आणि ती लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या बोलीत आहेत. या गीतप्रकाराला लाउदा म्हणतात.

चर्चच्या वेदीपाशी चालणारं लॅटिन गायन पाद्री आणि मठवासी करत. लाउदा गाणारे लोक मात्र कारागीर आणि दुकानदार होते. संध्याकाळी कामं आटोपली की त्यांची मंडळं मरियामातेच्या चित्रापुढे मेणबत्त्या लावून गायला जमत. कोर्तोनाचं हस्तलिखितही सान फ्रान्चेस्को चर्चशी जोडलेल्या अशाच एका मंडळाचं. ज्याच्या नावाचं हे चर्च, त्या संत फ्रान्सिसने १२२५च्या सुमारास उंब्रियाच्या बोलीत सूर्यस्तोत्र रचलं होतं. त्याचा वारसा इथे स्पष्ट दिसतो.

आता चालीकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे. सुरुवातीला ध्रुवपद, ते सगळ्यांनी म्हणायचं. मग कडवं. त्याचे पहिले दोन भाग बहुधा एकाच चालीचे. शेवटचा भाग ध्रुवपदाच्या यमकाकडे, पुष्कळदा त्याच्या चालीकडेही वळतो. हा सांगाडा नाचाच्या गाण्याचा. वाचता न येणाऱ्यालाही आपण कुठे सूर मिसळायचा हे आपोआप कळतं. बऱ्याच ठिकाणी एका अक्षराला एकदोनच स्वर येतात. हा साधेपणा मला कमीपणाचा वाटत नाही. शंभर गळे एकत्र आणायचे तर चाल अशीच बांधावी लागते.

एक पेच मात्र राहतो. कोर्तोनाच्या हस्तलिखितातली चौकोनी स्वरचिन्हं स्वराची उंची दाखवतात, लांबी दाखवत नाहीत. फेर्नान्दो लिउझ्झी यांनी १९३५ साली दोन भव्य खंडांत ही गीतं छापली, तेव्हा ती समान मात्रांच्या चौकटीत बसवली. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले, आणि मला ते पटतात. शब्दांच्या आघातावर चाललेली लाउदा जास्त जिवंत वाटते.

फ्लॉरेन्समध्ये लाउदा गाणाऱ्या मंडळांकडे पैसा आला. सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या मंडळाने १२८५ साली चित्रकार दुच्चोकडून मरियामातेचं प्रचंड चित्र करवून घेतलं. आज ते उफिझी संग्रहालयात आहे. ओरसानमिकेले इथे तर धान्यबाजारातल्या मरियेच्या चित्राभोवतीच १२९१ साली मंडळ स्थापन झालं. चौदाव्या शतकात मंडळं पगारी गायक नेमू लागली. त्याच शतकातल्या फ्लॉरेन्सच्या हस्तलिखितात चाली नटलेल्या आहेत. एकेका अक्षरावर स्वरांच्या लांब माळा येतात. त्या सुंदर आहेत, पण त्या गायला तयार गळा लागतो. गर्दीच्या वाट्याला त्यात ऐकणंच जास्त आलं असणार.

तरीही लाउदा लोकांच्या तोंडातून गेली नाही. पंधराव्या शतकातल्या संग्रहांत अनेक गीतांच्या माथ्यावर फक्त एवढंच लिहिलेलं आढळतं: अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावे. ते अमुक गाणं कित्येकदा प्रेमगीत असे.